त्रेचाळीस घरं

"बाई, जरा बाजूला होता का? तुम्ही माझ्या रेषेवर उभ्या आहात."

मी वळून पाहिलं. तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून एक उंच माणूस माझ्याकडे बघत होता. आधीच उन्हानं माझं डोकं तापलेलं.

"रस्ता काय तुमच्या वडिलांचा आहे?"

"अजून कुणाचाच नाही. व्हायचाय." तो हसला. "म्हणून तर मोजतोय."

मी प्राथमिक शाळेत शिकवते. त्या वर्षी जनगणनेचं काम अंगावर आलं होतं. आमचं शहर आणि शेजारचं शहर यांच्या मधे मी लहान असताना नुसती शेतं होती. सायकलवरून अर्धा तास गेलं तरी माणूस दिसायचा नाही. आता दोन्ही शहरं एकमेकांकडे सरकत होती. माझ्या हातातल्या नकाशात जिथं ओढा होता, तिथं समोर चार मजली सहा इमारती उभ्या होत्या, आणि माझा भाग कुठं संपतो तेच मला कळत नव्हतं.

त्यानं नकाशा मागून घेतला. सरळ पाहिला, उलटा पाहिला.

"तुमच्याच वयाचा दिसतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे... तरुण आहे. पण हट्टी. बदललेलं काही मानायलाच तयार नाही." मग त्यानं बोट दाखवलं. "ओढा त्या गाड्यांच्या खाली आहे. पाईपमधे घातलाय बिचाऱ्याला."

तो मोजणीदार होता. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या नव्या रस्त्याची आखणी करत होता. त्यानंतर आमच्या वाटा रोजच एकमेकींना छेदू लागल्या. दुपारी अर्धवट बांधलेल्या एका जिन्यात बसून आम्ही डबे उघडायचो. सिमेंटची धूळ, पायरीचा गारवा, आणि त्याचा ठरलेला प्रश्न.

"आज किती माणसं सापडली?"

"दोनशे बारा. आणि एक आगाऊ मोजणीदार."

"त्याला धरलंत मोजणीत?"

"तो इथला रहिवासी नाही."

"होऊ शकतो..." असं म्हणून तो उगाचच डब्याचं झाकण पुसत बसला. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही.

एका रविवारी मी त्याला घरी नेलं. माझे बाबा सुतार. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच; माझा थोरला भाऊ, दादा, शेजारच्या शहरात. शहराच्या जुन्या टोकाला बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर, पुढं कारखाना, दारात सदैव भुसा. दोघांची गट्टी जमायला चहा निवायचाही वेळ लागला नाही. ओळंबा, पातळी, काटकोन — मला मधे बोलायलाही जागा नव्हती. तो हात धुवायला मागच्या अंगणात गेला, तेव्हा बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "सरळ आहे पोरगा. माझी ना नाही."

तो परत आला, तो मात्र पांढराफटक.

"काय झालं?"

"काही नाही... ऊन लागलं."

तीन आठवडे तो नीट बोललाच नाही. मला वाटलं, दुसरी कुणी असेल. शेवटी त्या जिन्यातच मी त्याला धरलं.

"तुमच्या अंगणाला लागून एक दगड आहे, चुन्यानं रंगवलेला," तो म्हणाला. "मी यायच्या आधी आमच्याच माणसांनी लावलाय. रस्ता तिथून जाणार. तुमचं घर, आणि गल्लीतली आणखी चार."

"दुसरी एक आखणी आहे. ती पत्र्यांच्या वस्तीवरून जाते. साहेबांनी मला विचारलंय, तिथं घरं किती. तुमचे जनगणनेचे आकडे यायला अजून वर्ष आहे. मी वस्ती विरळ आहे असं लिहिलं, तर रस्ता तिकडं वळेल; तपासायला कुणी येणार नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तू म्हण. मी लिहितो."

ती वस्ती मीच मोजली होती. शेवटच्या घरात एका बाईनं कपड्यात गुंडाळलेलं बाळ माझ्यापुढं धरलं होतं. "हिलाही धरा हो ताई, परवाच आलीय." नाव विचारलं तर ती लाजली; अजून ठेवलंच नव्हतं. नावाची जागा मोकळी ठेवून मी त्या मुलीला कागदावर घेतलं होतं.

"त्रेचाळीस घरं आहेत," मी म्हणाले. "त्रेचाळीसच लिही."

"आणि बाबा?"

"बाबांचं मी बघते."

"आणि... आपलं?"

मी डबा उचलला आणि जिना उतरले.

नोटीस आली तेव्हा बाबा आधी हसले. त्यांनी त्याला बोलावून घेतलं. "अरे, चूक झालीय तुझी. परत मोज बघू."

"चूक नाही, बाबा."

"इथं बसून चहा प्यायलास, तेव्हा ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं. चहानंतर मागं हात धुवायला गेलो तेव्हा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुला?"

"मलाही ठाऊक होतं. त्याला बदलता आलं असतं, बाबा. मीच नको म्हटलं. तिकडं त्रेचाळीस घरं जात होती."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "उठ. आणि परत माझ्या दारात येऊ नकोस." लेकीवर राग धरता येईना, म्हणून सगळा त्याच्यावर धरला असावा.

घर पाडलं, आणि आम्ही शेजारच्या शहरात दादाकडे राहायला गेलो. सातवा मजला. पहिल्याच आठवड्यात करवतीचा आवाज झाला म्हणून खालचे तक्रार घेऊन आले. बाबांनी हत्यारं तेल लावून, फडक्यात बांधून पलंगाखाली सरकवली. थंडीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं बोबडं झालं.

त्याच महिन्यात त्याची बदली झाली. लांब, दीड दिवसाच्या प्रवासाचं गाव. बसस्टँडवर मी पोचले तेव्हा बस सुरूच होती.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"कशी येऊ?"

"मग मी थांबतो. तू सांगशील तितकं."

"मला तू... फार आवडतोस," मी म्हणाले. किती दिवस मनात ठेवलेलं, आणि निघालं ते इंजिनाच्या आवाजात! त्याला ऐकू आलं नाही असं वाटून मी परत बोलणार होते. त्यानं मान हलवली. ऐकलं होतं.

दोन वर्षं त्याचे फोन येत राहिले. फोन वाजला की बाबा भिंतीकडे तोंड करायचे. पुढं फोन महिन्यानं येऊ लागले, मग दोन महिन्यांनी. एका दुपारी मी बाबांना भरवत होते, तेव्हा आला.

"आईनं एक मुलगी पाहिलीय." तो म्हणाला. "हो म्हणू का?"

"कशी आहे?"

"शांत आहे. तुझ्यासारखी भांडत नाही."

"मग अवघड आहे तुझं."

आम्ही दोघंही हसलो. हसू संपलं तरी कुणी फोन ठेवेना.

"हो म्हण," मी म्हणाले.

"नक्की?"

"थांबवून ठेवलं मी तुला. आता... हो म्हण."

मी चमचा परत हातात घेतला. बाबांनी तोंड उघडलं नाही. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. या वेळी भिंतीकडे नाही.

"त्याचा होता?"

"हो."

"चांगला पोरगा." एकेक शब्द ओढत ते म्हणाले. "मीच... ताणलं. उद्या लाव. मी बोलतो त्याच्याशी. म्हणावं... ये घरी."

त्यांनी माझं बोलणं ऐकलं होतं, पण अर्थ पोचला नव्हता. सांगायला मी तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांत दोन वर्षांत न पाहिलेलं काहीतरी हललं होतं. मी नुसतं "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेला सदरा मागितला. मग गालावरून डावा हात फिरवत म्हणाले, "दाढी कर. असा... कसा बोलू जावयाशी?"

मी पाणी कोमट केलं, साबण लावला आणि त्यांची दाढी करत बसले. सावकाश, जमेल तितकी सावकाश.