ठकीचे पहिले बारा वाचक

गजाने कुलूप फोडलं तेव्हा आत फार तर उंदीर निघतील, अशी त्याची समजूत होती. पोशीरची जुनी अंगणवाडी पाडायची होती आणि पत्रे उतरवायचं काम त्याच्याकडे होतं. कोपऱ्यातला खाऊचा पत्र्याचा डबा उचलायला गेला, तर तो जड लागला. झाकण काढलं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बारा कुरियरची पाकिटं होती, आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्याचं नाव एकच होतं. हर्षला भोईर, पोशीर.

"कुलूप फोडलंस कशाला? किल्ली नव्हती?" हवालदार वाल्मिक घरतांनी विचारलं.

"पंचायतीत मागितली, सायेब. त्यांची कदीच हरवलीय म्हनतात."

वाल्मिक सकाळपासून वैतागलेले होते. दोन अपघातांचे पंचनामे टेबलावर पडलेले, आणि साहेबांनी पाठवलं कुठे, तर हरवलेली चित्रं शोधायला. "त्या पोरीला पन्नास हजार वाचक आहेत," साहेब म्हणाले होते. "तिने नेटवर चार ओळी खरडल्या तर आपली शोभा होईल. संध्याकाळपर्यंत मिटवा." शिळफाट्याहून इथवर मोटारसायकल हाणताना वाल्मिकांनी त्या पन्नास हजारांना मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं होतं.

हर्षला दारातच उभी होती. सव्वीस-सत्तावीसची, बोटांना शाई लागलेली, डोळे रडून सुजलेले.

"नीट सांगा," वाल्मिक म्हणाले. "ही चित्रं कसली?"

"मी वेबकॉमिक काढते. 'ठकीचा ठसका'. ठकी नावाच्या कजाग सासूची गोष्ट आहे. वाचकांचा मोठा टप्पा गाठला की चित्रकार आभार मानतात. कोणी वॉलपेपर देतं, कोणी स्वतःचा चेहरा दाखवतं. मी म्हटलं होतं, पन्नास हजार झाले की सर्वांत जुन्या वाचकांना हाताने काढलेलं चित्र पाठवीन. ते मागतील तसं. चाळीस जण निघाले."

"त्यातली अठ्ठावीस पोहोचली."

"हो. आणि नेमकी ही बारा नाहीत. ही माणसं अगदी पहिल्या भागापासूनची आहेत. मला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा हीच लिहायची, पुढचा भाग कधी, म्हणून. यांच्यामुळे मी टिकले. आणि यांनाच मी फसवलं असं झालं."

वाल्मिक खाली बसले. पाकिटांच्या मधेमधे कडुलिंबाचा वाळका पाला घातलेला होता. एकही पाकीट फाडलेलं नव्हतं. कोपरे मात्र सगळे चेपलेले, पुठ्ठा मऊ पडलेला.

"तुम्ही दिलीत तेव्हा असे होते कोपरे?"

"छे. नवे कोरे पुठ्ठे घातले होते मी."

"कुरियरवाले काय म्हणतात?"

"त्यांचं मशीन सांगतं की बाराही पत्ते सापडले नाहीत, पाकिटं परत आली आणि मला दिली. मला कोणी काही दिलेलं नाही. बारा माणसं आपला पत्ता चुकीचा कशाला देतील? पाकिटं नेणाऱ्या कमलेशने ती पाठवलीच नसणार. इथल्याच ओट्यावर बसून तो रोज डबा खातो. आणि राहतो शेलूला, समीक्षाच्या गल्लीत."

"ही समीक्षा कोण?"

"तीही कॉमिक काढते. पूर्वी आम्ही एकत्र काढायचो. आता बोलत नाही."

कमलेश पिंपळाखाली मोटारसायकलला टेकून उभा होता. कुरियरच्या एजंटाने त्याला सकाळीच बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत खुलासा आला नाही तर उद्या येऊ नको. त्याचं तोंड उतरलं होतं.

"पाकिटं परत आली होती?"

"आली व्हती, सायेब."

"मग दिलीस कोणाला?"

"घरी दिली."

"कोणाच्या हातात?"

"आठवत नाय."

"बारा पाकिटं एकदम दिलीस आणि आठवत नाही? रोज अशी देतोस का?"

कमलेश जमिनीकडे बघत राहिला.

"समीक्षाने सांगितलं का दडवायला?"

"तिचा काय संबंद?"

"इथेच जेवायला का बसतोस?"

"मामाकडं वाढलो मी. लानपनी याच अंगनवाडीत व्हतो. सवय हाय."

"नोकरी जाईल रे तुझी. घरात कोण कमावतं दुसरं?"

"कोन नाय."

"तरी सांगणार नाहीस?"

वाल्मिकांना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. चोर खोटं बोलतो हे त्यांना समजत होतं. पण हा गडी स्वतःच्या पोटावर पाय येत असताना मुकाट उभा होता, आणि याचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं.

हर्षलाच्या घरी सासूबाईंनी चहा दिला. विमलबाई. पासष्टीच्या आत-बाहेर, पदर खोचलेला, आवाज खणखणीत. हर्षलाचा नवरा स्वराज महिनाभर कामासाठी पुण्याला होता, म्हणजे घरात या दोघीच.

"मावशी, कुरियरवाला काही देऊन गेला होता का?"

"माझ्याकडं कशाला देईल? ही वर खोलीत बसते, कानात ते बोळे घालून. खाली दरोडा पडला तरी हिला पत्ता नाय."

"सुनेची चित्रं बघता का तुम्ही?"

"मी? मला काय कामं नायत? लोकांपुढं सासूला पार राक्षशीन करून ठेवलीय. फनस चोरताना दाखवलंय मला. मी कदी कुनाचा फनस चोरला, सांगा."

"म्हणजे बघितलंत."

"शेजारनी सांगतात." विमलबाईंनी कप उचलले आणि त्या आत गेल्या.

वाल्मिकांनी हर्षलाकडून त्या बारा जणांचे निरोप मोबाइलवर वाचून घेतले. नागपूर, लातूर, जळगाव, सांगली, लांबलांबची माणसं. एक गोष्ट त्यांना खटकली. बारांपैकी एकानेही चित्रासाठी स्वतःचा फोटो पाठवला नव्हता. सगळ्यांचं म्हणणं एकच, मला पाठमोरं काढा.

"लाजाळू असतात वाचक," हर्षला म्हणाली.

"बाराच्या बारा? आणि लातूरच्या या नलूताई, यांनी काय मागितलंय?"

"पोपटी लावलीय, मडक्याला भांबुर्ड्याचा पाला, आणि शेजारी ठकी बसलीय, असं चित्र."

"तुमच्या कॉमिकमध्ये पोपटी कधी आली होती?"

"नाही अजून." हर्षला म्हणाली. "बहुतेक आपल्याकडे कधी आल्या असतील."

वाल्मिकांचे साडू लातूरचे. मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची ही इकडची पोपटी म्हणजे काय, हे त्यांना समजावताना वाल्मिकांचा एक अख्खा जानेवारी गेला होता.

शेलूला समीक्षा तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तिने दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच.

"हर्षलाने माझं नाव घेतलं ना? घेणारच. चित्र चोरून मला काय मिळणार? तिचे वाचक माझ्याकडे येतील?"

"त्या बारा वाचकांना ओळखता?"

"नावाने. त्यांचं फार कौतुक होतं तिला. मी म्हणायची, माझे पहिले वाचक माझा मामा, दोन मावश्या आणि शेजारच्या काकू. सगळ्यांचं तसंच असतं. तर तिला राग आला. म्हणाली, माझे अनोळखी आहेत, खरे आहेत. त्यावरूनच आमचं वाजलं."

"तिचे सुरुवातीचे भाग मला बघायला मिळतील?"

"कुठून? पहिले दहा तिने कधीच काढून टाकले. चित्रं कच्ची होती म्हणून लाज वाटायची तिला. मीसुद्धा पाहिले नाहीत, मी नंतर आले. त्या वेळी जी बारा माणसं होती त्यांनीच काय ते पाहिले असतील."

वाल्मिक जिना उतरता उतरता थबकले. त्यांनी हर्षलाला फोन लावला.

"ठकीने फणस चोरला, तो भाग कितवा?"

"तिसरा," पलीकडून आश्चर्याने उत्तर आलं. "पण तो काढून टाकून वर्षं झाली. तुम्हाला कोणी सांगितलं?"

वाल्मिकांनी फोन ठेवला. उकल झाली होती, आणि तरीही त्यांची चिडचिड कमी होईना, उलट वाढलीच. खरं सांगितलं तर त्या पोराची नोकरी वाचणार होती आणि या पोरीचं मन मोडणार होतं. कुठल्या फौजदारी कलमात हे बसतं?

ऊन कलल्यावर सगळे भोईरांच्या ओट्यावर जमले. हर्षला, विमलबाई, आणि खाली अंगणात कमलेश. बारा पाकिटं मधोमध ठेवलेली होती.

"पाकिटं कमलेशने पाठवली होती," वाल्मिक म्हणाले. "इथेच गावात पडून राहिली असती तर कोपरे असे चेपले नसते. ती लातूर-नागपूरपर्यंत जाऊन आलीत. पत्ते खरंच सापडले नाहीत, कारण ते पत्तेच नाहीत."

"बाराच्या बारा?" हर्षला म्हणाली.

"ऐकून घ्या. ज्याने ती दडवली त्याला ती नष्ट करायची नव्हती. प्लास्टिक, वर कडुलिंबाचा पाला, कसर लागू नये म्हणून. चोर अशी निगा राखतो का? खोलीला कुलूप होतं, गजाला ते फोडावं लागलं. म्हणजे दडवणाऱ्याकडे किल्ली होती. पंचायतीची किल्ली हरवली. दुसरी किल्ली कोणाकडे असते? अंगणवाडीच्या बाईंकडे. आत्ताच पंचायतीत विचारून आलो. तीस वर्षं त्या अंगणवाडीच्या सेविका कोण होत्या, ते त्यांनी सांगितलं."

कमलेशने मान वळवली.

"हा सांगत नव्हता, कारण लहानपणी त्याच बाईंच्या हातची खिचडी खाल्लीय याने. त्यांनी सांगितलं असणार, कोणाला बोलू नको. आणि त्या बाई म्हणाल्या, मी कॉमिक बघत नाही. मग फणसाचा भाग त्यांना कसा ठाऊक? तो फक्त पहिल्या बारा वाचकांनी पाहिलाय." वाल्मिकांना पुढचं बोलायचं नव्हतं. "लातूरच्या माणसाला भांबुर्डा माहीत नसतो, मावशी. आणि बारा माणसांना चेहरा नव्हता, कारण तो एकाच माणसाचा होता."

विमलबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"मला वाटलं पत्ता नाय मिळाला का पाकीट तिकडंच फेकून देत असतील," त्या म्हणाल्या. "परत येतात हे मला काय ठावं? ही रोज निरोप धाडायची, पत्ता द्या, पत्ता द्या. नाय दिला असता तर हिला वाटलं असतं, मानसं रुसली. सकाळपासून तोंड उघडायला बघत व्हते, पन हिच्याकडं बघून जीभच उचलंना." मग त्या अंगणाकडे वळल्या. "कमलेश, फोन लाव रं तुझ्या त्या एजंटाला. मी सांगते, मीच घेतली, मीच सही केली."

कमलेशने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. विमलबाईंनी एजंटाला चार वाक्यांत सरळ केलं. उद्या कामावर ये, हे त्याच्याच तोंडून कमलेशला ऐकवलं आणि फोन परत केला.

हर्षला जागची हलली नव्हती.

"बारा खाती काढलीत तुम्ही?"

"अंगनवाडीची सगळी माहिती मोबाइलवरच भरायचे मी. त्यात काय अवघड हाय?"

"का?"

"तू नोकरी सोडून आलीस, त्या खोलीत बसून चित्रं काढलीस, आणि कुत्रं फिरकलं नाय तिकडं. दोन-तीन दिवस धड जेवली नायस. मग मी लिवलं एक. तू त्या रात्री भात परत मागून घेतलास."

"म्हणजे सगळं खोटं होतं." हर्षला रागाने ओरडली. "मी पन्नास हजार लोकांपुढे सांगत फिरले, माझे पहिले वाचक असे आणि तसे. माझे पहिले वाचक कोणीच नव्हते."

"कोनीच नव्हतं कसं? मी व्हते ना."

वाल्मिकांना उठून जावंसं वाटत होतं. पण मोटारसायकलची किल्ली पाकिटांच्या पलीकडे होती.

"नलूताईंनी लिहिलं होतं," हर्षला म्हणाली, "ठकी अजून कजाग हवी. तिथूनच कॉमिक चाललं माझं. तेही तुम्ही?"

"मग? तू लय मऊ काढत व्हतीस. सासू काय अशी असते?"

हर्षलाने ओठ आवळले. मग पुढे वाकून तिने पहिलं पाकीट फाडलं, दुसरं फाडलं, एकेक करत सगळी फाडली. बारा चित्रं ओट्यावर मांडली गेली. शेत, बाजार, पोपटीचं मडकं, आणि प्रत्येकात ठकीशेजारी पाठमोरं बसलेलं एक कोणीतरी. कोणी गुजराती पदराची, कोणी टोपीवाला, कोणी लांब वेणीची. हर्षला त्या पाठींकडे बराच वेळ बघत राहिली.

मग ती आत गेली आणि कोरा कागद आणि पेन घेऊन आली. डोळे अजून रागाने लाल होते. ती सासूच्या समोर मांडी घालून बसली.

"आई, इकडे तोंड करा."

"आता कशाला?"

"आभार मानायचे राहिलेत. हलू नका."

विमलबाईंनी पदर सारखा केला, हनुवटी वर केली आणि डोळे वटारले.

"मऊ काढू नको," त्या म्हणाल्या.