भट्टी निवेपर्यंत

बाजारात त्या नाशपातींकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं, म्हणून तर मी त्या घ्यायला गेले होते. हिरव्या, खडबडीत, दाताला जराही दाद न देणाऱ्या. आत्याच्या बेकरीत मुरंबा करायचा तर असलंच फळ लागतं, आणि तेही स्वस्तात. सकाळचं धुकं अजून ताडपत्र्यांवर रेंगाळत होतं. मी टोपलीच्या कडेला हात घातला, उचलायला गेले... तर टोपली हलेचना. दुसऱ्या कडेला आणखी एक हात होता. लांब बोटांचा, शाईचे डाग पडलेला.

"माफ करा," हाताचा मालक म्हणाला, "पण या मी घेतल्यात."

"घेतल्यात म्हणजे? पैसे दिलेत?"

"नाही... मनातल्या मनात घेतल्यात."

फळवाली काकू पोट धरून हसली. "काय झालंय आज लोकांना? इतके दिवस हे दगड इथे पडलेत, कोणी फिरकलं नाही. आणि आता मारामारी!"

त्याच्या चष्म्यावर धुकं बसलं होतं. तो माझ्याकडे बघतोय की माझ्या खांद्यावरून पलीकडे, ते कळायला मार्ग नव्हता. मग त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि कळलं. माझ्याकडेच बघत होता.

"मला या मुद्दाम अशाच हव्यात," तो म्हणाला. "पुस्तकात लिहिलंय, नाशपाती अशी घ्यावी की दात लावला तर दात हलावा."

"कुठल्या पुस्तकात? दातांच्या डॉक्टरच्या?"

तो हसला. टोपली मात्र सोडली नाही.

टेकडीवर एक जुनं मोठं घर आहे, ते लोकांना बघायला खुलं करणार होते. त्या घरातली जुनी कागदपत्रं वाचायला हा माणूस आला होता. स्वयंपाकघराच्या कपाटात त्याला जुन्या स्वयंपाकिणींच्या पाककृती सापडल्या. तीन पिढ्यांच्या तीन बायका, आणि तिघींनीही एकच गोड पदार्थ लिहून ठेवलेला. शिळ्या पावाच्या थरांमध्ये नाशपाती, वर साय, भट्टीत फार सावकाश भाजलेली. घर खुलं होईल त्या दिवशी पाहुण्यांना तोच द्यायचा असं ठरलं होतं.

"मग करा की," मी म्हणाले.

"केला. मांजराने वास घेतला आणि माझ्याकडे फार दयेने बघितलं."

"भट्टी कसली आहे?"

"विटांची. लाकडावरची."

झालं. माझं लहानपण आत्याच्या विटांच्या भट्टीसमोर गेलेलं. ती पाडून विजेची आणली तेव्हा आत्या रडली नाही, मीच रडले होते. मी टोपलीवरचा हात काढला. "चला," म्हटलं, "टोपली अर्धी-अर्धी. आणि भट्टी मला दाखवायची."

त्या स्वयंपाकघराला उंच खिडक्या होत्या. दुपारी ऊन तिरपं उतरायचं, त्यात पिठाचे कण तरंगत राहायचे, आणि तो खिडकीत बसून जुनी अक्षरं लावत मोठ्याने वाचायचा. बेकरीचं सकाळचं काम उरकून मी तिथे पोचायचे. मला वाटायचं, इथे घड्याळ बसवायला लोक विसरले हेच बरं केलं.

"लोणी घ्यावे लहान मुलाच्या मुठीएवढे," तो वाचायचा.

"कुठल्या मुलाच्या?"

"लिहिणारीच्या असणार."

"बाळसेदार होतं की किडकिडीत?"

"बाईचा स्वयंपाक बघता... बाळसेदारच."

मी लोण्याचा मोठा गोळा घ्यायचे. पुढे दालचिनी. ती किती, तर शेजारच्या खोलीत वास पोचेल इतकी. म्हणून तो शेजारच्या खोलीत जाऊन उभा राहिला आणि मी कुटत बसले.

"आला का वास?" मी ओरडले.

"अजून नाही!"

आणखी कुटली. "आता?"

"अंहं... काहीतरी बोलत राहा, म्हणजे मला दिशा कळेल."

मी बोलत राहिले. आत्याबद्दल, भट्टीबद्दल, लहानपणी पिठाच्या पोत्यावर झोपायचे त्याबद्दल. माझा हात भरून आला, शेवटी मी दालचिनी घेऊन त्याच्या खोलीत गेले. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून उभा होता.

"इतकी कुटली तरी वास येत नाही तुम्हाला?"

"वास कधीच आला होता," तो डोळे न उघडता म्हणाला. "पण तुमचा आवाज भिंतीपलीकडून फार छान येतो."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या आणि दोष द्यायला भट्टीसुद्धा जवळ नव्हती.

पदार्थाची खरी मेख पुढेच होती. आधी भट्टीत पाव भाजायचे. ते निघाले की निखारे ओढून काढायचे आणि आत हात घालायचा. कोपरापर्यंतचा हात सहन झाला की भांडं आत ठेवायचं, झाकणाच्या कडा कणकेने लिंपायच्या, दार लावायचं. आणि मग भट्टी आपली आपण निवेपर्यंत दार उघडायचं नाही. डोकवायचंसुद्धा नाही. तिघींनीही ते बजावून ठेवलं होतं. शेवटची ओळ तर त्याने वाचली आणि वाचता वाचता अडखळला.

"काय लिहिलंय?"

"फळ लाजले की झाले समजावे."

"म्हणजे?"

"म्हणजे... गुलाबी होतं, बहुतेक," तो म्हणाला, आणि स्वतःच झाला.

पहिल्या खेपेला बिघडलं ते माझ्यामुळे. मला धीर कुठला? आत्या म्हणते, ही पोरगी जन्मतानाही घाईत होती. मी दार किलकिलं करून डोकावले, ऊब निघून गेली, फळं पांढरीफटक आणि कचकचीत राहिली. लाकडंही ओली होती, धूर धूर झाला. तो म्हणाला, "चूक माझी. लाकडं पन्हळीखाली ठेवली होती." आम्ही दोघं डोळे पुसत, हसत, ते कच्चं गोड चमच्याने खात बसलो.

मग तो सहज म्हणाला, "हे एकदा जमलं आणि घर खुलं झालं की माझं इथलं काम संपलं. समुद्राकडच्या एका गावी दुसरं घर वाट बघतंय."

चमचा माझ्या हातातच राहिला. बाहेर झाडांची पानं वाऱ्यावर उलटीसुलटी होत होती, आणि मला एवढंच ऐकू येत होतं... हे एकदा जमलं की.

त्यानंतर ते जमेना. जमणार कसं? भांडं आत ठेवून तो पाणी प्यायला गेला, उद्याचं सरपण आणायला गेला, की माझा हात आपोआप भट्टीच्या दाराकडे जायचा. जरासं उघडायचं. मोजून दोन श्वास. पुन्हा लावायचं. लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू? ज्या हातांनी कधी एक पाव करपू दिला नाही त्या हातांनी मी चांगली फळं नासवत होते. पण संध्याकाळी तो भांड्यात बघून मान हलवायचा, म्हणायचा, "उद्या पुन्हा?" आणि ती संध्याकाळ मला गोड लागायची.

लाकडंही साथ देत होती. रोज चरचरायची, फेसाळायची. "यंदा हवाच दमट आहे," तो म्हणायचा. मी म्हणायचे, "हो ना, फारच."

आत्याच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. घर खुलं व्हायचा दिवस जवळ आला, तेव्हा तिने मला पीठ मळताना गाठलं.

"इतक्या दिवसांत तुझ्या हातून एक पुडिंग होत नाही?"

"अवघड आहे गं, आत्या."

"अवघड पुडिंग आहे का त्याचं निघून जाणं?"

मी पिठात तोंड घातलं नाही इतकंच.

"ऐक," आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "माणसाला थांब म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणावं. त्यासाठी आपल्या हातचं बिघडवू नये. हात एकदा खोटं शिकले की पुन्हा खऱ्याकडे वळत नाहीत."

त्या दिवशी मी दाराला हात लावला नाही. लाकडंही कधी नव्हे ती गुमान जळत होती, धुराची रेघसुद्धा नाही. भांडं आत गेलं, तो सरपण आणायला गेला तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले, आणि तो आल्यावर आम्ही भट्टीच्या उबदार भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलो. दोघांत वीतभर अंतर. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चढत विझलं, विटा हळूहळू निवत गेल्या. मला वाटत होतं, या कधी निवूच नयेत.

त्याने सुरीने कणीक फोडली. झाकण उघडलं, आणि स्वयंपाकघर दालचिनीने भरून गेलं. त्या दगडी, हिरव्या नाशपाती गुलाबी झाल्या होत्या. चमचा लावला तर लोण्यासारखा उतरला.

त्याने एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"चुकलंय का काही?" मी विचारलं.

"नाही... फार छान झालंय." त्याचा आवाज असा, जणू कोणी आजारी आहे. "अभिनंदन."

"तुमचंही," मी म्हणाले. तोंडाने थांब म्हणायचं होतं. तोंडात गोड घास होता, त्यावर मी आणखी एक घेतला.

घर खुलं झालं. पाहुण्यांनी बोटं चाटली. आणि तो निघाला त्या सकाळी मी बसच्या थांब्यावर गेले, हातात एक लहान भांडं घेऊन. झाकण कणकेने लिंपलेलं.

"पोचल्याशिवाय उघडायचं नाही," मी म्हणाले.

"नाही उघडणार."

"वचन?"

"वचन." तो आणखी काहीतरी बोलणार होता... ओठ हलले, बस आली. धुक्यात ती दिसेनाशी झाली तरी मी तिथेच उभी. मग बेकरीत आले, एप्रन बांधला आणि आत्याकडे न बघता पाव रचायला लागले. माझ्यासारखी मूर्ख मीच. दार उघडायचं तेव्हा उघडत नाही, आणि नको तेव्हा उघडते.

दुकानाची घंटी वाजली. मी मान वर केली.

तो दारात उभा होता. धापा टाकत, केस विस्कटलेले, चष्म्यावर धुकं. हातात भांडं. झाकण निघालेलं, कणकेचे तुकडे सदऱ्यावर सांडलेले.

"उघडलं," तो म्हणाला. "पुढच्या थांब्यापर्यंतसुद्धा धीर धरवला नाही."

"वचन दिलं होतं तुम्ही!"

"हो. मी फार खोटारडा माणूस आहे, आणि ते सांगायलाच परत आलो. ती लाकडं... पहिल्या दिवशी खरंच चुकून भिजली होती. नंतर मी रोज स्वतः नळाखाली धरत होतो."

मी बघतच राहिले. "रोज?"

"शेवटचा दिवस सोडून. त्या दिवशी तुमच्याकडे बघवेना. इतकं मन लावून करता तुम्ही, आणि मी... तुमची रोजची मेहनत मी पाण्यात घालत होतो. रागवा. हवं तेवढं रागवा. पण आणखी एक दिवस तुम्ही यावं, एवढंच मला हवं होतं."

मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आता धुराचं निमित्तही नव्हतं.

"मी दार उघडत होते," मी म्हणाले.

"कसलं दार?"

"भट्टीचं. तू सरपण आणायला गेलास की. रोज."

तो ओल्या काचांमागून बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "'तू' म्हणालीस मला."

"हो, म्हणाले," मी म्हणाले. "आणि आता तोंडाने सांगते, ऐक. मला तू हवा आहेस. समुद्राकडे जा, तिथलं काम कर, पण माझा म्हणून जा."

त्याने भांडं फळीवर ठेवलं आणि पिठाने भरलेले माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. शाईचे डाग पिठाखाली झाकून गेले. "तुझाच आहे," तो म्हणाला. "त्या टोपलीपासून." बाहेर लोक येत होते, जात होते. पाव घ्यायला आलेली एक बाई दाराशीच थबकली आणि भिंतीवरचा भावफलक वाचत राहिली.

"तिथेही एक भट्टी आहे," तो म्हणाला. "विटांची. पेटवणारं कोणी नाही. बघायला येशील?"

माझ्याआधी आतून आत्याचं उत्तर आलं.

"येईल ती! सुट्टी मी देते. पण लाकडं सुकी ठेव म्हणावं!"