ती थुंकली नाही

"सफरचंदं आहेत का?"

मी मान वर केली. दारात एक मुलगी. केस पावसानं गालाला चिकटलेले, बुटांना आमच्या वाटेवरचा अख्खा चिखल.

"नाहीत. वाइन आहे."

"बाहेर पाटीवर तर सफरचंदं लिहिलंय!"

"पाटी आजोबांची. झाडं काढून पपांनी द्राक्षं लावली... पाटी तेवढी राहिली."

ती हसली. "बरं, मग वाइन चाखव. मी टेगन."

"रेन्झो."

मी थेट माझ्या सापेरावी द्राक्षांची गडद वाइन काढली. ही माझी लाडकी. वेलींच्या तीनच ओळी आहेत, मी स्वतः लावलेल्या. आमच्या ग्रॅनाइट बेल्ट भागात असली जगावेगळी द्राक्षं बरेच जण लावतात, पण पपांना ती बघवत नाहीत. "शाई पिकवतोयस शाई! ऑगस्टपर्यंत कुणी विचारलं नाही, तर ट्रॅक्टर लावून उपटतो."

टेगननं ग्लास फिरवला. वास घेतला. घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले...

आणि पचकन बादलीत थुंकली!

"इतकी वाईट?"

"अरे वेड्या, गाडी चालवायचीय. ब्रिस्बेन तीन तास लांब आहे. आणि माझं कामच हे, रेस्टॉरंटसाठी वाइन निवडायचं. प्रत्येक घोट गिळत बसले तर झालंच!"

"मग... कशी आहे?"

"अजून ठरवलं नाही."

ती हसली आणि मीही हसलो. तिचे सगळे दात जांभळे झाले होते. सापेरावीचा रंगच तसा.

"हसतोस काय?" तिनं खिडकीच्या काचेत बघितलं. "ईऽऽ! आधी सांगता येत नव्हतं?"

"आधी सांगितलं असतं तर तू हसली नसतीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ.

जूनमध्ये ती परत आली. जुलैमध्ये दोनदा. दर वेळी तोच घोट, तीच बादली, तेच उत्तर, "अजून ठरवलं नाही." खरं सांगतो, मला त्या बादलीचा हेवा वाटायला लागला होता.

एकदा सकाळी वेलींमधून चाललो होतो. आमच्याकडे जून-जुलै म्हणजे हिवाळा; पायाखाली गोठलेलं दहिवर करकर वाजत होतं. तिनं न विचारता हात माझ्या जॅकेटच्या खिशात घातला. माझा हात आधीच तिथे होता.

"टेगन... खरं सांग. आवडते का?"

"काय?"

बोल ना, गाढवा! पण तोंडातून निघालं, "वाइन."

"अच्छा... वाइन," ती म्हणाली, आणि खिशातून हात काढून घेतला.

मग तीन आठवडे ती आलीच नाही.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. पपांनी सकाळीच पहिल्या वेलीला साखळी बांधली. ट्रॅक्टर सुरू केला. मी वाइन चाखायच्या खोलीतच बसून राहिलो, बघवत नव्हतं.

दार उघडलं. टेगन!

"लवकर ओत," ती म्हणाली.

मी ओतली. बादली पुढे सरकवली. तिनं घोट घेतला, माझ्याकडे बघितलं... आणि बादली बाजूला ढकलली.

गिळला! तिचा गळा हलताना मी स्वतः बघितला.

"अगं... गाडी?"

तिनं किल्ली माझ्यासमोर ठेवली. "आज मी कुठेही जात नाहीये. वाइन पुढच्या आठवड्यापासून आमच्या मेनूवर आहे."

"म्हणजे ठरवलंस?"

"पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, बावळटा! तेव्हाच सांगितलं असतं, तर परत यायला काय कारण उरलं असतं?"

मी बोलायला तोंड उघडलं. तिनं टेबलावरून वाकून माझी कॉलर धरली... आणि बोलायची गरजच उरली नाही.

"पपा!" मी भानावर येऊन ओरडलो. "थांबवा ट्रॅक्टर!"

इंजिन बंद झालं. पपा दारात आले. तिच्या जांभळ्या ओठांकडे बघितलं. मग माझ्या.

"रेन्झो, तू प्यायलास?"

"एक थेंबही नाही, पपा."

पपांनी मिशीवरून हात फिरवला.

"साखळी सोडतो," म्हणाले, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.