रिकाम्या थांब्यावरची डबलसीट

“चाल, येस का डबलसीट?”

हा प्रश्न मी एका रिकाम्या एस.टी. थांब्याला विचारायचा, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, मिसबाह आणि चेतालीने, माझ्याशी लावली. मी, हेतल, बारावी कॉमर्स. आजवर एकही पैज सोडलेली नाही, त्यामुळे ही सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

आमच्याकडे रीत आहे. तुम्ही सायकलीवर असा, मोटरसायकलवर नाहीतर बैलगाडीत. वाटेत ओळखीचं माणूस उभं दिसलं की ‘चला, येता का?’ असं विचारायचं. समोरच्याने ‘व्हा पुढे’ म्हणायचं. विचारणाऱ्याला खरंच न्यायचं असतं असं नाही आणि समोरच्यालाही खरंच यायचं असतं असं नाही. पण विचारल्याशिवाय पुढे गेलं तर संध्याकाळपर्यंत घरी तक्रार येते. मी जरा जास्तच विचारते. शेतातल्या बायांना, रस्त्यावरच्या म्हशींना, कोणालाही. म्हणून मिसबाह म्हणाली, “म्हशीला विचारतेस, मग त्या नाल्याजवळच्या थांब्याला पण विचार की! बिचाऱ्यावर दहा वर्षांत कोणी उभं राहिलं नाही.”

आता सायकलीचं सांगते. आमच्या गावापासून चोपडा सोळा किलोमीटर. दिवाळीच्या सुट्टीत तिथल्या एका केळीच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात मला सहा दिवसांचं काम मिळालं होतं. शेतकऱ्यांना फोन लावायचे, उद्या कोणाच्या मळ्यात कापणी आहे ते विचारायचं आणि यादी कॉम्प्युटरवर टाइप करायची. मालक शालिग्राम आबा म्हणाले होते, “पोरगी टिकली तर जूनपासून कायमची घेऊ. सकाळी कॉलेज कर, दुपारी ऑफिस.” कॉलेज! चोपड्याला! मला रात्रभर झोप आली नव्हती.

पण भाऊंनी विचारलं, “रोज जाशील कशी?” भाऊ म्हणजे माझे वडील. आमची एस.टी. मनात आलं तर येते.

“सायकलीने,” मी म्हटलं.

“बत्तीस किलोमीटर? रोज?”

“ट्रायल घ्या. सहा दिवस. एक दिवस जरी साडेआठच्या पुढे पोचले तर गावातल्या शिवणक्लासला जाईन, तोंडातून शब्द काढणार नाही.”

आई चुलीपाशी बसून म्हणाली, “वेळेचं राहू दे. एकटी पोर, त्या केळीच्या रानातून...” पण भाऊंनी हात पुढे केला आणि मी टाळी दिली.

सोमवारी सात वाजता निघाले. काय सकाळ होती! उजव्या हाताला सातपुडा निळा, जवळ, जणू रात्रीतून दोन पावलं पुढे सरकलेला. दोन्ही बाजूंना केळी, ठिबकच्या पाण्याने भिजलेल्या मातीचा वास, मध्येच कपाशीचा पांढरा तुकडा. हवा एवढी गार की नाकाचा शेंडा बधिर. चार किलोमीटरवर नाला लागतो, नाल्यापलीकडे तो थांबा. तीन भिंती, वर स्लॅब, आतल्या सिमेंटच्या बाकावर वाळलेली पानं. मी ब्रेक दाबला, फोन हातात धरून रेकॉर्डिंग चालू केलं आणि मोठ्याने विचारलं, “चाल, येस का डबलसीट?”

रेकॉर्डिंगमध्ये माझं हसणं आहे, पाठीमागे एक पोपट आहे, बस. ‘व्हा पुढे’ कोणी म्हटलं नाही. आता कोण म्हणणार?

आठ वाजून अठरा मिनिटांनी मी ऑफिसच्या गेटवर होते. वॉचमन भिकन नानांनी हजेरीच्या वहीत वेळ लिहिली आणि मला पाणी दिलं. धाप लागली होती, पण असं वाटत होतं की तापी पोहून पलीकडे जाईन.

मंगळवारी थांबा ओलांडला आणि कॅरिअर ‘टक’ वाजलं. सायकल जरा जड झाली. हवा कमी असेल, मी मनात म्हटलं. पुढे कापूस वेचणाऱ्या प्रमिलाबाईंनी बांधावरून ओरडून विचारलं, “तुना मांगे कोण बसेल शे वं?”

“दप्तर!” मी ओरडले. पाठीवर सॅक होती ना. त्या हसल्या, मीही हसले.

आमच्या रस्त्याची एक गंमत मला तेव्हाच कळली. चोपडा पश्चिमेला आहे. सकाळी जाताना सूर्य पाठीमागे आणि संध्याकाळी परततानाही सूर्य पाठीमागेच. म्हणजे जाता-येता तुमची सावली तुमच्या पुढे पळते, लांबच लांब, ताडासारखी. मंगळवारी संध्याकाळी माझी सावली जरा रुंद दिसली. सॅक, मी पुन्हा म्हटलं.

बुधवारी सॅक पुढच्या बास्केटमध्ये टाकली.

थांब्यापाशी कॅरिअर वाजलं. मी सावलीकडे बघत राहिले. हँडल, माझे कोपर, माझी वेणी. आणि माझ्यामागे एका बाजूला पाय सोडून बसलेलं कोणीतरी. दोन गुडघे, बारीक खांदे, खाली लोंबणारं काहीतरी कापड.

मी वळून पाहिलं. कॅरिअर रिकामं.

पुन्हा पुढे पाहिलं. दोघी.

मी उजवा हात वर केला. माझ्या सावलीने केला. मागचीने नाही केला. म्हणजे माझीच सावली दुहेरी दिसत असेल हा हिशोब तिथेच संपला. मी थांबले, एक पाय रस्त्यावर टेकवून सावलीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. काही लिहिलं नाही, मुद्दाम.

मिसबाहचं उत्तर लगेच आलं. “ही कोण? आम्हाला सोडून नवीन मैत्रीण? गद्दार!”

चेतालीचं त्याखाली. “तिला म्हणावं ओढणी वर घे, चाकात जाईल.”

आता ह्यावर मी घाबरायला हवं होतं, हे मला कळतं. पण समोर अजून दहा-बारा किलोमीटर रस्ता होता, साडेआठला पोचायचं होतं आणि चेताली म्हणत होती ते खरंच होतं. माझ्या मावसबहिणीची ओढणी चाकात जाऊन हात मोडला होता. मी पायडल मारत म्हणाले, “ओढणी सांभाळ गं.”

पुढच्या सावलीत एक हात खाली आला आणि ते कापड उचलून मांडीवर घेतलं.

चोपड्याच्या अलीकडे, ऑफिसच्या गेटावरून दिसेल असा पेट्रोल पंप आहे. तिथे पुन्हा ‘टक’ झालं आणि सायकल एकदम हलकी झाली. संध्याकाळी त्याच पंपापाशी जड, नाल्याजवळच्या थांब्याला हलकी. रोजच्या पासवाल्या बाईसारखी ठरलेली चढायची-उतरायची जागा.

आणि खरं सांगू? गुरुवार आणि शुक्रवार हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात भारी दिवस होते. मी बडबडत होते आणि कोणी ‘पुरे आता’ म्हणत नव्हतं. कॉलेजात कोणते विषय घेणार, पहिल्या पगारात आईला काय आणणार, शालिग्राम आबा फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘केळी’ कसं म्हणतात, सगळं सांगितलं. हसण्यासारखं काही बोलले की पाठीला हलकासा धक्का लागायचा, कोणी हसता हसता कपाळ टेकवावं तसा. शुक्रवारी दोन मोटरसायकलवाले शिट्टी मारत शेजारी आले. मी मान वळवली नाही. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, शिट्टी अर्धीच राहिली आणि गाडी अशी पळवली की धूळ खाली बसेना. मी इतकी हसले की सायकल नागमोडी जायला लागली.

जड सायकल ओढून मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. शुक्रवारी मी आठ बाराला पोचले. भाऊंनी चहा पिता पिता विचारलं, “दमत नाहीस?” मी ओट्यावरून उडी मारून दाखवली.

शनिवार उजाडला तो धुक्यात. समोरचं कडुनिंब दिसेना, निघायलाच वीस-पंचवीस मिनिटं उशीर झाला. सूर्य नाही म्हणजे सावली नाही. थांब्यापाशी मी ब्रेक दाबून विचारलं, “बसलीस?” कॅरिअर वाजलं. बरं वाटलं.

अर्ध्या वाटेवर चेन पडली.

नुसती पडली नाही, मागच्या चक्रात अडकून बसली. फोनवर आठ वाजून एक मिनिट. आठ किलोमीटर बाकी. मी गुडघ्यावर बसले, ओरबाडून चेन ओढायला लागले. बोटं काळी झाली, एक नख तुटलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं. पाच दिवस वेळेवर आणि सहाव्या दिवशी शिवणक्लास! एका हाताने पायडल फिरवलं, दुसऱ्याने चेन दातांवर चढवली. खट्. बसली.

हात पुसत उभी राहिले तेव्हा लक्षात आलं.

मी स्टँड लावलं नव्हतं.

सायकल रस्त्याच्या मधोमध सरळ उभी होती. हँडल किंचित माझ्याकडे वळलेलं. सीट दाबल्यासारखी, कोणी दोन्ही हातांनी घट्ट धरावी तशी.

“थँक्यू,” मी म्हणाले. आणि हँडल धरलं.

आठ सात.

मी बसले आणि पायडलवर जोर दिला. जोर लागलाच नाही. सायकल जड नव्हती. कॅरिअरवर कोणी नव्हतं. मागून कोणीतरी धावत होतं. डांबरावर अनवाणी पावलं, एका तालात, आणि सायकल पुढे, आणखी पुढे. केळीची झाडं धुक्यातून यायची आणि निघून जायची. मी ओरडत होते, आनंदाने ओरडत होते.

पंप आला.

पंप गेला.

पावलं थांबली नाहीत.

आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी मी गेटवर ब्रेक दाबला. भिकन नानांनी वहीत वेळ लिहिली, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाले, “रोज पंपावर उतरस ना ती? आज आठे गेटपर्यंत उनी. पाणी दे तिले, दमनी पोर.”

मी बाटली मागे कट्ट्यावर ठेवली. वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने उचलली तर हलकी होती.

शालिग्राम आबांनी संध्याकाळी जूनचं पक्कं केलं. धुकं दुपारीच गेलं होतं. परतीच्या वाटेवर पंपाजवळ थांबायची गरजच नव्हती. ऑफिसच्या गेटातून निघतानाच आम्ही दोघी होतो. मी गाणी म्हटली. सावली पुढे पळत होती, लांब, सोनेरी रस्त्यावर काळीभोर.

नाल्याजवळचा थांबा आला. मी वेग कमी केला.

थांबले.

‘टक’ झालं नाही.

“आला तुझा थांबा,” मी म्हटलं.

सावलीतले गुडघे हलले नाहीत. बाकावरची पानं कोणीतरी झाडून टाकली होती. बाक स्वच्छ, जसं घर सोडताना आवरून ठेवतात तसं.

मग मीच तिला बोलावलं होतं हे आठवलं, आणि बोलावून नेलेल्या माणसाला अर्ध्या वाटेत उतर म्हणायची रीत आमच्यात नाही. मी पायडल मारलं.

घरी पोचले तेव्हा ओट्यावर अजून ऊन होतं. भाऊ बाजेवर, आई तांदूळ निवडत उंबऱ्यात. मी सायकल भिंतीला लावली आणि नाचतच ओट्यावर चढले.

“आठ सत्तावीस!”

भाऊंनी मान हलवली. हसू दाबत होते, पण मिशीतून दिसत होतं. “जिंकलीस, बेटा. वेळेचं झालं.” मग म्हणाले, “पण तुझी आई म्हणते तेही खोटं नाही. सहा दिवस वेगळे. तीन वर्षं रोज, ऊन-पाऊस, त्या रस्त्याला एकटी...”

“एकटी कुठे, भाऊ?”

आईने सूप बाजूला ठेवलं. घरात शिरायला म्हणून ती उठली, मी तिच्यामागे आत आले, भाऊ माझ्यामागे. आईचा हात दाराकडे गेला, डास येतात म्हणून ती ह्या वेळेला दार लोटतेच.

“माझं ठरलंय,” मी दोघांना सांगितलं, एवढी खूश होते की आवाज मावत नव्हता. “जूनपासून कॉलेज चोपड्यालाच आणि जाणार सायकलीनेच. ती माझ्याबरोबर येणार, आणि राहणार इथेच, माझ्या खोलीत. आई, दार लोटू नको ना... तिला आत येऊ दे, पाय धुतेय ती.”