चंद्राबाईची ओंजळ

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. आटपाडीपलीकडच्या एका वाडीत पाण्याचा टँकर खरंच पोचतो की नुसता कागदावर, एवढंच बघायला मी, एका दैनिकाचा बातमीदार, सांगलीहून भाड्याच्या जीपनं गेलो होतो. भर दुपारी अख्खी वाडी एका दाराशी गोळा झाली होती, आणि जळत्या मिरच्यांचा खाट नाकात शिरत होता.

दारात आडवा उभा होता कृष्णात, फौजेतून परतलेला हवालदार. आत त्याची बहीण चंद्राबाई. दिवाळीपासून तिचा डोळा लागला नव्हता.

देवऋषी नाथाजीनं शेगडी पुढे केली. "कोंडून धुरी देतो. आतलं बाहीर पडतंय का न्हाई बगू."

"मरंल की ती!"

"हिचा बा जागाच मेला, आज्जा बी जागाच मेला. घरातच बसलंय त्ये, हवालदार. फुडचा तू."

"मग मला दे धुरी! ये की, लय दम असंल तर!"

माझं डोकं तापलं. घराण्यात उतरणाऱ्या, मेंदू पोखरणाऱ्या अशा आजाराबद्दल मिरजेच्या एका डॉक्टरांकडून मी ऐकलं होतं. पुढे शास्त्रानं त्याच्या कारणाला प्रायॉन हे नाव दिलं. मेंदूतलंच एक प्रथिन वेडंवाकडं मुडपतं, शेजारच्या प्रथिनाला शिवतं आणि त्यालाही आपल्यासारखं करून सोडतं. ते जिवंत नसतं, त्यामुळे उकळूनही मरत नाही. भुताहून वाईट, पण भूत नव्हे!

"बाई आजारी आहे," मी म्हणालो. "आत जाऊन दाखवतोच."

आत अंधार. कोंदट वास. चंद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे सताड उघडे, पण नजर माझ्यावर नव्हती. एकामागून एक हात हवेत वर जात होते, खाली येत होते. कुठेतरी रहाट कुरकुरल्यासारखं वाटलं...

"उघड्या डोळ्यांनी सपान बगती," कृष्णात पुटपुटला. "आडाचं पाणी काढतीया. आवं, आड तर कवाच आटला..."

हात थांबले. तिनं ओंजळ पुढे केली. "दादा... घ्या. लय लांबनं आलासा."

दारातनं सगळे वाकून बघत होते. "बघा रे!" मी ओरडलो. "रिकामी ओंजळ पिऊन दाखवतो!" आणि तोंड लावलं.

गार...

मी घोट गिळला. सावकाश उठलो. "काही नाही. आजारी बाई आहे. आत्ता मिरजेला नेणार. जो आडवा येईल, त्याचं नाव उद्या छापतो!"

माणसं बाजूला झाली. नाथाजी मात्र अगदी जवळ आला. "सायेब... मिशा कशानं भिजल्या?"

"घामानं!"

चंद्राबाई पंधरवड्यानं गेली. वॉर्डातल्या खाटेवर, भावाच्या मांडीवर डोकं ठेवून. धूर तिला लागला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. त्या आजारावर मिळेल ते मी वाचलं, आणि तिला भूतबाधा होती असं म्हणणाऱ्याशी आजही भांडतो.

पण घाम खारट असतो. तो घोट गोड होता, आणि त्याला शेवाळाचा वास होता.