बूट हातात घेऊन

मरताना त्याच्या पायांतले बूट कुणी काढले नाहीत. माणसं काय कमी होती तिथं? वर हुकूम देणारे होते, खाली हुकूम झेलणारे होते, गेल्यावर सलामी द्यायलाही होते. पण खाली वाकून त्या पोराच्या दोन नाड्या सोडाव्यात, एवढी फुरसत एकालाही झाली नाही!

कुरणेवाडीची साळूबाई असं बोलत राहायची. कुणाला उद्देशून नव्हे. जात्याला, चुलीला, आटलेल्या आडाला. तिचा कृष्णात राजस्थानच्या वाळवंटात गेला, एकाहत्तरची लढाई संपायला आलेली असताना. तिथंच त्याला अग्नी दिला. पुढं काही महिन्यांनी त्याच्या पलटणीतला एक जण ट्रंक घेऊन आला. ट्रंकेत सगळं होतं. स्वेटर, दाढीचं सामान, आईसाठी घेतलेली शाल. बूट मात्र नव्हते. साळूबाईनं विचारलं तेव्हा तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "पायांतच होते, आई. तसेच गेले."

दुसऱ्या कुठल्या गावात ही गोष्ट इथंच संपली असती. कुरणेवाडीत ती इथून सुरू झाली.

फाट्यावर एसटीतून उतरलं की कुरणेवाडीत यायला एकच वाट, रखवालीच्या खिंडीतून. माणदेशाचा तो उघडा डोंगर. झाड म्हणावं तर निवडुंग, सावली म्हणावी तर ढगाची, आणि ढगही त्या दुष्काळाच्या साली नव्हते. फार पूर्वी, कंपनी सरकारच्या अमलात, ही खिंड राखायचं काम गावच्या रामोशांकडं होतं. सरकारनं ते काढून घेतलं, त्यांची जमीन काढून घेतली आणि खिंड मोकळी करा म्हणून शिपाई पाठवले. रामोशांनी खिंड सोडली नाही. मूठभर माणसं, गोफणी, दोन-चार तलवारी, आणि खडकात कोरलेलं पाण्याचं एक टाकं. शिपायांनी खालच्या वाटा अडवल्या, टाकं आटेपर्यंत वाट बघितली आणि एका तिन्हीसांजेला नालाचे बूट वाजवत ते वर चढले. त्या दिवशी एकही रामोशी खाली उतरला नाही. पण शिपायांतलेही पुष्कळ वरच राहिले. त्यांना न्यायला कुणी आलं नाही.

तेव्हापासून एक रीत पडली. गावात घरटी एक माणूस फौजेत. सुट्टीवर आलेला जवान खिंडीच्या तोंडाशी उंबऱ्या नावाच्या आडव्या खडकावर बसणार, बूट काढणार, हातात घेणार आणि अनवाणी गावात उतरणार. शिपाई असो नाहीतर सुभेदार. बूट वाजले की वरचे राखणदार जागे होतात, असं म्हणतात. बूट घातलेल्याला ते मारत नाहीत. नुसतं येऊ देत नाहीत.

साळूबाईला तेवढं पुरलं.

अर्जुना नाईक तेव्हा साताऱ्याला बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. रामोशी वस्तीतून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. मोर्चात पुढं, सभेत पुढं, आणि थांब म्हटलं की अंगाला कुसळं लागल्यासारखं करणारा. त्याचा आजा जोतिबा तरुणपणी रोज चावडीवर हजेरी द्यायचा, कारण सरकारनं अख्खी जातच चोर ठरवली होती. ज्यांनी वाट राखली त्यांनाच चोर म्हणायचं! हे आठवलं की अर्जुनाच्या डोक्याची शीर उडायची. आणि भूतखेत म्हटलं की दुसरी.

कृष्णात त्याचा शाळेपासूनचा जोडीदार. सुट्टीवर आला की खिंड उतरता उतरताच वस्तीकडं तोंड करून ओरडायचा, "आरं ए अर्जुना! तुझ्या पणज्यापायी पाय पोळलं रं माझं!"

"मग घालून ये की बूट! काय होत न्हाई."

"आन् अडवलं म्हंजी? आई जेवायची थांबल्याली आसती, गड्या."

लढाईनंतरचा तो दुसरा उन्हाळा. उन्हाळी सुट्टीला अर्जुना वस्तीवर आलेला. एका संध्याकाळी साळूबाई वस्तीवर आली. एरवी वस्तीच्या बाभळीपुढं तिनं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. आली ती थेट जोतिबाच्या अंगणात, खाली मातीतच बसली.

"आवं नाईक, माझं पोरगं खिंडीच्या तोंडाला उभं हाय."

जोतिबा बाजेवर उठून बसला. "ठावं हाय, बाई. मी बी ऐकतो."

"रोज दिवं लागायला येतंय. उंबऱ्यापतोर बुटं वाजत्यात. मंग थांबत्यात… मंग माघारी जात्यात. त्याला सोडवा की वो."

"माझ्यानं आता चढवत न्हाई. आन् साद घालायची ती राखणदारांच्या नाईकाच्या घरच्यानंच." म्हातारा नातवाकडं बघायला लागला. "ह्यो हाय की."

अर्जुना उसळलाच. "आबा, काय बी काय बोलतासा! खिंडीत कुणी न्हाई. दिवसभर तापल्याला खडक संध्याकाळी निवतो, तडकतो, त्येचा आवाज येतो. न्हाईतर तरस आसंल."

साळूबाईनं त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "कुनी न्हाई?"

"कुणी न्हाई, मावशी."

"मंग साद घालायला तुझं काय जातंय, लेकरा?"

वादसभेत बक्षिसं घेतलेलं ते पोर तिच्यासमोर मातीत बसलं.

जोतिबानं त्याला जवळ बोलावून रीत सांगितली. "उंबऱ्यावर हुभा ऱ्हा. बुटं थांबली की म्हन, 'अमक्याला सोडा.' नाव घ्यायचं. एकच नाव. आन् गप ऱ्हायचं. राखणदार इचार करत न्हाई, पोरा. त्यो फकस्त ऐकतो."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर दोघं निघाली. अर्जुनाच्या हातात रॉकेलचा रिकामा डबा होता. वाटेत कुणी विचारलं तर फाट्यावर याकूबच्या दुकानाला चाललोय म्हणायला बरं. साळूबाईनं पदराखाली काही धरलं होतं. चढाला लागल्यावर तिनं ते उघडून दाखवलं. कृष्णातच्या कोल्हापुरी चपला. तेल चोळून मऊ केलेल्या.

"पाय पोळतील म्हनून," ती म्हणाली.

अर्जुनानं मान फिरवली.

खिंडीत पोचली तेव्हा सूर्य बुडाला होता. उजेड अजून होता, पण कशाचीच सावली पडत नव्हती. दोन्ही अंगांचे कडे दिवसभराची धग बाहेर टाकत होते. तापल्या दगडाचा, वाळल्या कुसळांचा वास. टाकं तर कधीचंच कोरडं ठणठणीत, तळाला भेगा पडलेल्या. तरी त्याच्याजवळून जाताना अर्जुनाला शेवाळाचा गार वास आला. तो थांबला, वाकून बघितलं. भेगाच होत्या.

उंबऱ्यापाशी साळूबाई बसली, तो उभा राहिला. डबा खडकाला टेकवला. समोर फाट्याकडं उतरणारी वाट खालच्या वळणापर्यंत दिसत होती. पांढरी, धुळीची, रिकामी. एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

टक्.

अर्जुनाला वाटलं, खडक तडकला.

टक्… टक्… टक्…

चढणाऱ्या माणसाची पावलं. एक पाय जरा लांबवून टाकायची सवय असलेल्या माणसाची. शाळेच्या वाटेवर ती पावलं त्यानं वर्षानुवर्षं शेजारी ऐकली होती. रिकाम्या वाटेवर ती जवळ येत राहिली. मग बुटाच्या पॉलिशचा वास आला. उंबऱ्याच्या पलीकडं, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, आवाज थांबला. चढ चढून आल्यावर माणूस सोडतो तसा श्वास कुणीतरी सोडला.

"आला…" साळूबाई पुटपुटली. "दमलाय बघ…"

त्याच वेळी वरून, कड्याच्या माथ्यावरून, चार खडे घरंगळत खाली आले. आणि एक आवाज सुरू झाला. घुंई… घुंई… कुणीतरी गोफण फिरवत होतं. सोडत नव्हतं. नुसती फिरवत होतं.

खडक, तरस, दोन्ही उत्तरं कुठल्या कुठं गेली. तोंड उघडून तो एवढंच म्हणणार होता, कृष्णातला सोडा. शब्द ओठांवर आले होते. आणि तिथंच त्याचा तो जन्माचा स्वभाव आडवा आला. एकालाच का? एकच नाव का? ज्याची आई इथवर चालत येऊ शकली तेवढ्यालाच घर, आणि बाकीच्यांनी काय करायचं? कुणी ठरवलं हे? तिकडं हुकूम देणारे वेगळे आणि मरणारे वेगळे, आणि इकडंही रीत म्हणून एकच नाव? त्याला भीतीपेक्षा राग जास्त आला. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले.

"सोडा! समद्यांना सोडा! जो बूट काढंल त्येला घरला जाऊ द्या! लढाई संपली… संपली लढाई!"

कड्यांनी ते उचललं आणि लांबवर नेलं. संपली… संपली…

गोफण थांबली.

मग अगदी जवळ, नाडी ओढल्याचा बारीक आवाज झाला. सर्रकन. एक बूट खडकावर टेकला. ठप्. मग दुसरा. ठप्.

साळूबाईनं चपला पुढं सरकवल्या. तिचे डोळे वाहत होते, पण चेहरा हसत होता. "घाल बाबा. घाल, चल आता."

ठप्.

तिसरा बूट टेकला.

ठप्… ठप्… थोडं खाली… आणखी खाली… वळणापाशी… ठप्…

"मागं बघू नगंस," साळूबाई म्हणाली आणि गावाकडं चालायला लागली. चालता चालता बोलत होती, सुट्टीवर आलेल्या पोराशी आई बोलते तसं. "खोंड गुरांच्या छावणीला न्हेलंय रं, हितं वैरण न्हाई… भाकरी रेशनच्या मिलोची हाय, लाल. तुला गोड लागायची न्हाई, पर खा… आडाचं पानी ग्येलं. टँकर येतो, मी हंडा भरून ठिवलाय तुझ्यासाठी…"

तिच्या मागं कोल्हापुरी चपलांची ओळखीची करकर. तिच्या मागं अर्जुना. आणि अर्जुनाच्या मागं, धुळीत, मेंढरं घराकडं वळल्यावर येतो तसा मऊ, दबका, अनवाणी पायांचा आवाज. कुणाचा धक्का लागत नव्हता. कुणी बोलत नव्हतं. एकदाच, अगदी मानेपाशी, कुणीतरी रडू आवरावं तसा आवाज आला. अर्जुनानं नकळत चाल हळू केली. मागच्यांना दम लागला असेल म्हणून.

सकाळी साळूबाई पुन्हा वस्तीवर आली. रात्रभर गाढ झोपलेल्या माणसाचं तोंड दिसतं तसं तिचं तोंड दिसत होतं.

"लय भुकेजला हुता रं माझा वाघ! पीठ हुतं तेवढं समदं थापून ठिवलं हुतं, टोपलं रिकामं केलं बघ. आन् पानी! भरल्याला हंडा हुता, अर्जुना. थेंब न्हाई ऱ्हायला."

जोतिबानं बाजेवरनं नातवाकडं मान वळवली. "नाव घेतलंस न्हवं?"

अर्जुना उठून उभा राहिला.

"एकच घेतलंस न्हवं, पोरा?"

"रॉकेलचा डबा खिंडीत ऱ्हायलाय, घेऊन येतो," असं म्हणून तो निघाला.

उंबऱ्यापाशी याकूब उभा होता. फाट्यावर चहाची टपरी आणि रेशनचं दुकान चालवून म्हातारा झालेला माणूस. गावच्या दोन पिढ्यांचे जवान त्याच्या बाकड्यावर चहा पिऊन या चढाला लागलेले त्यानं पाहिले होते. सायकल त्यानं कड्याला टेकवली होती आणि टोपी काढून हातात घेतली होती.

डबा जिथं ठेवला होता तिथंच होता. त्याच्या शेजारी काळ्या बुटांचा एक जोड, नाड्या नीट आत खोचलेल्या. आत वाळू होती. बारीक, फिकी, या मुलखात नसते तशी. अर्जुना खाली बसला आणि त्यानं त्या बुटांवर हात ठेवला. बूट अजून कोमट होते. उन्हं तर कड्याखाली उतरलीच नव्हती.

त्या जोडापलीकडं दुसरा जोड होता. मग तिसरा. रांग वाटेच्या कडेनं फाट्याकडच्या उतारावर गेली होती, वळणापाशी वळली होती, पुढं दिसत नव्हती. जाड नालाचे, चामडं वाळून पानासारखं झालेले, हात लावला तर भुगा होईल असे कंपनी सरकारच्या काळचे जुने बूट. सगळ्यांचे चवडे गावाकडं.

"याकूबचाचा," अर्जुना कसाबसा म्हणाला, "बिचारी घरला ग्येली असतील… ज्येच्या-त्येच्या."

याकूबनं त्या रांगेवरून वळणापर्यंत नजर नेली आणि परत आणली. मग खाली उतरणाऱ्या गावाकडं बघितलं. तिथं घराघरांतून धूर निघत होता.

"आपली पोरं बूट हातात घिऊन उतरत्यात, अर्जुना, कारन त्यास्नी परत जायाचं आसतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "हे तर हितंच ठिवून ग्येल्यात. म्हंजी मुक्कामालाच आल्यात म्हन की."