उष्टी हळद

फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी पद्मजाचा नवा चेहरा ठेवलेला होता. करंगळीएवढी काचेची बाटली, आत पांढुरकं पाणी आणि वर लाल अक्षरांत सूचना: गोठवू नये, उन्हात ठेवू नये, दुसऱ्याने वापरू नये. पहिल्याच सकाळी सुकुमारनं ती उघडून हुंगली.

"अहो, ठेवा ती खाली! जिवंत आहे ते."

"जिवंत? मग आधी सांगायचं की. आत्ता ताकात घालणार होतो."

नवऱ्याची चेष्टा तिला सवयीची होती. इतरांची मात्र कधीच झाली नाही. पद्मजा चौगुले सांगलीत मोटार ट्रेनिंग स्कूल चालवायची. गाड्या आता आपल्या आपण चालायच्या, पण परवान्यासाठी चाक हातात धरून दाखवावं लागायचंच, त्यामुळं धंदा टिकून होता. शिकवणारीची जागा डावीकडं. म्हणजे शिकणाऱ्याला दिवसभर तिचा उजवा गाल दिसायचा आणि पुटकुळ्या नेमक्या उजव्या गालावरच जास्त. लोक क्लच विसरायचे पण सल्ला विसरायचे नाहीत. मॅडम, कडुलिंब लावा. मॅडम, तळलेलं सोडा. एका आजोबांनी तर भर चौकात गाडी बंद पाडून पोट साफ होतं का म्हणून विचारलं.

डॉक्टरी पुस्तकांत याला तारुण्यपीटिका म्हणतात. नावात तारुण्य आणि बाईचं वय सदतीस! लग्न झालं की जातील म्हणाले, नाही गेल्या. बाळंतपणानंतर जातील म्हणाले, तर उलट हनुवटीपासून मानेपर्यंत पसरल्या. रात्री कुशीवर वळलं तरी गाल ठणकायचा. तिची आई विजयमालाबाई एवढंच म्हणायची, "आपल्या घरातलंच हाय ते. मला होत्या, तुला आल्या. किती रडायचं त्याच्यासाठी?" आईच्या गालांवर अजून खड्डे होते.

शेवटी पद्मजा त्वचेच्या डॉक्टरांकडं गेली. इतकी वर्षं का गेली नव्हती, तर पुटकुळ्यांसाठी कोण डॉक्टरकडं जातं, हे तिनंही खरं मानलं होतं म्हणून. डॉ. बेडकिहाळ बाई शांतपणे भिंग घेऊन बसल्या, गाल पाहिला, मान पाहिली आणि म्हणाल्या, "यात तुमचा काही दोष नाही. खाण्याचा नाही, स्वच्छतेचा तर अजिबात नाही."

हे वाक्य तिला आजवर कुणीही म्हटलं नव्हतं. पद्मजाला तिथंच रडू फुटलं.

"नेहमीच्या गोळ्या आहेत," बाई म्हणाल्या, "पण बाळ अंगावर पितंय, त्यामुळं त्या देता येणार नाहीत. दुसरा एक नवा उपाय आहे. घरी दही लावता ना?"

"रोज."

"मग कळेल. त्वचेच्या तेलावर जंतू जगतात, प्रत्येकाच्याच. तुमच्याकडचं वाण भांडखोर आहे, ते आईकडून आलंय. आपण ते धुऊन काढायचं आणि नितळ कातडीच्या एका माणसाचं वाण तिथं विरजायचं. आम्ही याला त्वचाविरजण म्हणतो."

"कोण माणूस?"

"ते आम्हालाही माहीत नसतं. निरोगी, तरुण, एवढंच." मग त्यांनी सूचना सांगितल्या. टॉवेल वेगळा, उशी वेगळी, कंगवा वेगळा. "नुसत्या स्पर्शानं पसरत नाही. तेल चोळलं तर मात्र पसरतं, म्हणून मालिश नको. बाळाची काळजी नको, त्याच्या कातडीला अजून तेलच नाही. तिथं हे जगत नाही."

विरजण लागलं, आणि असं लागलं की बघत राहावं. श्रेणिकच्या, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाची खरेदी सुरू झाली तोवर गाल साफ. दुकानदार पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांकडं बघून बोलला. ती घरी येऊन आरशासमोर इतकी हसली की सुकुमार म्हणाला, "आता माझी काय धडगत नाही."

एकच गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. सकाळी उशीला वास यायचा. घाण नव्हे, वाईट नव्हे, वाळलेल्या गवतासारखा हलका. पण तो तिचा नव्हता. तिच्या जागी कुणीतरी झोपून, नुकतंच उठून गेल्यासारखं वाटायचं. तिनं दोनदा उशी धुतली. मग स्वतःचं मनगट हुंगलं आणि उशी धुवायचं सोडून दिलं. तिचा सातेक महिन्यांचा पार्श्व सुरुवातीला जरा बिचकला, मानेशी नाक नेऊन थांबायचा. पण रोज जवळ घेता घेता त्यानं तो वास आई म्हणून मान्य केला. तीही मग निर्धास्त झाली.

लग्न मिरजेला, माहेरीच. हळदीला करवलीचा पहिला मान. टॉवेल, उशी, कंगवा, सगळं तिनं वेगळं नेलं होतं. हळदीचं नाव डॉक्टरांच्या तोंडून आलं नव्हतं आणि हिच्याही डोक्यात आलं नाही. हळद काय औषधात धरतात का? तेलात कालवलेल्या हळदीत तिनं तळवे बुडवले, स्वतःच्या गालाला बोट लावलं आणि नवऱ्या मुलाच्या तोंडाला, मानेला, दंडाला खसाखसा चोळली. मग बाकीच्या सवाष्णी. मग नेहमीचा दंगा, याच्या तोंडाला तिनं, तिच्या मानेला यानं, सुकुमारला तर चौघींनी धरून माखला. उरलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडं गेली. तिकडंही नवरीला लावून झाल्यावर तोच दंगा झाला.

विजयमालाबाई तेवढ्या स्वयंपाकघराच्या दारात, पार्श्वला घेऊन बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून त्यांनी हळदीला बोट लावलं नव्हतं.

"आई, ये की गं. तुझ्याच पोराची हळद आहे."

"नको. लोकं बोलतात. तुम्ही लावा, मी बघते की हितनं."

लग्न झालं. पूजेसाठी पद्मजा माहेरीच राहिली. नवी नवरी ऋजुताचा चेहरा लखलखत होता, मामाचा, काकूचा, सगळ्यांचाच. हळद मानवली म्हणत सगळे एकमेकांची तोंडं कौतुकानं बघत होते. आणि पार्श्व गुणाचा झाला. आधी परक्याला बघून भोकाड पसरणारं पोर आता कुणाकडंही जायला लागलं. श्रेणिकनं उचललं तर त्याच्या बनियनला तोंड लावून दूध शोधायला लागलं. घर हसून हसून लोटपोट झालं. "मामा, पाजा की!" मग त्यानं काकूकडं शोधलं, ऋजुताकडं शोधलं. ऋजुता लाजून लाल झाली. सुकुमारच्या खांद्याला तो चुटचुट चोखत राहिला, तेव्हा पद्मजाही हसली, पण थोडी उशिरा.

मग त्यानं शोधणं सोडून दिलं.

तो रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं. पद्मजानं पदराखाली घेतलं की तोंड फिरवायचा आणि भिंतीकडं बघत पडून राहायचा. तिनं हाक मारली की वळायचा, चेहरा बघायचा, जवळ यायचा, हुंगायचा आणि विझायचा. बाटली तर त्यानं कधीच धरली नव्हती. अंगावरचं बाळसं उतरायला लागलं. फक्त आजीच्या मांडीवर तो निजायचा, तिच्या मानेत नाक खुपसून, मूठ घट्ट आवळून.

पद्मजा औषधं आणायला बाजारात गेली. दुकानाच्या रांगेत पुढं एक अनोळखी पोरगा उभा होता, आणि त्याच्याकडून तिच्या उशीचा वास येत होता. तेच वाळलेलं गवत. त्याच्या कानामागं हळदीचा पिवळा डाग राहिला होता. ती रांग सोडून बाहेर आली. तिला भीती वाटली, सरळ साधी भीती. ज्याला कुणी पाहिलं नव्हतं तो माणूस गावात हिंडत होता, सगळ्यांच्या अंगावर बसून.

डॉ. बेडकिहाळांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्याही लग्नात उष्टी हळद आली होती," त्या म्हणाल्या. "तरी मला सुचलं नाही बघा. टॉवेल सांगितला!"

"पण हळदीनं जंतू मरतात ना?"

"काही मरतात. बाकीच्यांना तेलातली हळद म्हणजे पालखीच." त्यांनी चष्मा काढला. "मूल डोळ्यांनी ओळखतं, आवाजानं ओळखतं. पण निवांत होतं ते वासानं. तुमचा नवा वास त्यानं आई म्हणून धरला होता. मग घरातले सगळेच आई झाले. सगळेच आई झाल्यावर त्यानं आई निवडायची कशी?"

"माझं जुनं परत लावा. येऊ देत पुटकुळ्या!"

"ते आपण धुऊन टाकलं, पद्मजा. जपून ठेवलं नाही. मुरुमांचं बियाणं कोण जपतं?"

"मग हे मारून टाका."

"मारता येईल. पण मोकळ्या जागेवर काहीतरी येणारच, आणि तुमच्या घरात आता दुसरं वाण उरलंय कुणाकडं?"

स्वयंपाकघराच्या दारात बसलेली आई पद्मजाच्या डोळ्यांपुढं आली.

डॉक्टरबाईंनी विजयमालाबाईंच्या गालावरून फिरवलेला कापूस तपासला. वय झाल्यानं तेल कमी होतं, पण वाण होतं, जुनंच, निर्भेळ. "धोका समजून घ्या," त्या म्हणाल्या. "नवं वाण दांडगं आहे. तेलाचा हात तुमच्याकडून आईकडं गेला, तर त्यांचंही जाईल. मग बाळाला आजीसुद्धा उरणार नाही. जे काही यायचं ते तिकडूनच इकडं आलं पाहिजे."

पद्मजाचा चेहरा औषधानं धुऊन कोरा केला गेला. माहेरी परत आल्यावर तिनं लांबूनच आईला सगळं सांगितलं.

"माझ्या हातची हळद?" विजयमालाबाई म्हणाल्या. "शुभकार्याला चालत नाही ती?"

"चालली नाही, म्हणूनच तर उरली, आई."

विजयमालाबाईंनी वाटीत तेल घेतलं, चिमूट हळद टाकली. बोट वाटीशी नेलं आणि थांबवलं. दाराकडं बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. मग एकदम, जणू राग आल्यासारखं, दोन्ही गालांना हळद फासली. कपाळाला, हनुवटीला, खड्ड्यांखड्ड्यांत. इतक्या वर्षांनी आईचं तोंड पिवळं बघून पद्मजा हुंदके द्यायला लागली.

"गप. मलाबी रडू यील आणि सगळं धुऊन जाईल."

त्यांनी गालावरची हळद विड्याच्या पानानं निपटून वाटीत घेतली, वाटी फरशीवर ठेवली आणि मागं सरकल्या. पद्मजानं ती उचलून आपल्या गालांना, मानेला, छातीला चोळली. सवयीनं विजयमालाबाईंचे हात लेकीची अलाबला घ्यायला पुढं आले. मध्येच थांबले. मग त्यांनी हवेतूनच ओवाळल्यासारखे फिरवून आपल्या कानशिलावर कडाकड बोटं मोडली.

रोज हेच चाललं. सुकुमार दुसऱ्या खोलीत झोपायला लागला. "माझीच बायको आणि मलाच सोवळं," तो म्हणायचा, पण उंबरा ओलांडायचा नाही. पार्श्वला आजी वाटीचमच्यानं पेज भरवायची. पद्मजा पाजायला घ्यायची, तो तोंड फिरवायचा, आणि ती ते दूध पिळून त्याच पेजेत घालायची. बाकीचं घर नितळ आणि खुशीत होतं. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं, पण परत जुन्याला जायला कोण तयार होणार? ऋजुता तर तिच्या मामेबहिणीच्या हळदीला निघाली होती. पद्मजानं तिला दारातच अडवून सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हो वन्सं, पण मानाचं बोलावणं आहे. नाही कसं म्हणू?" आणि गेली.

मग एका सकाळी पद्मजाच्या हनुवटीवर ठणका लागला. तिनं आरशात पाहिलं. लाल, टपोरी, जुन्या जागी. "आई गं, आली!" ती इतक्या आनंदानं किंचाळली की शेजारच्यांना पाहुणे आले असं वाटलं असेल.

तिनं पार्श्वला घेतलं. त्याचं बोट, पुटकुळ्या होत्या तेव्हा फिरायचं तसंच, हनुवटीवर फिरत फिरत त्या उंचवट्याशी आलं. तो थांबला. मान पुढं करून त्यानं तिच्या गळ्याशी नाक नेलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग त्यानं तोंड उघडलं आणि अधाशासारखा प्यायला लागला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"तुमचं वाण, लेकीची जमीन," डॉक्टर आईला म्हणाल्या होत्या, "वास दोघींचा मिळून होईल. नेमका कुणाचा जास्त, ते मला सांगता येणार नाही."

विजयमालाबाई दारात उभ्या होत्या, तोंडावर पिवळा लेप तसाच. "बघ, पितोय," त्या म्हणाल्या. "झालं की मग."

पद्मजानं खाली पाहिलं. पार्श्व पोटभर पीत होता, मूठ घट्ट आवळून, अगदी निवांत. डोळे मात्र उघडे होते, आणि ते तिच्याकडं बघत नव्हते. दारात उभ्या असलेल्या पिवळ्या तोंडाकडं बघत होते. त्याला आई सापडली होती, की आजीलाच दूध आलं असं वाटत होतं?